दोन वर्षांच्या पोराला घेऊन पहिल्यांदा थीम पार्कला

थंडी पडली की सोसायटीच्या खाली पोरं खेळवताना कुणीतरी नवी आई हळूच विचारतेच, "आम्ही इमॅजिकाला जायचं म्हणतोय. हा दोनचा झाला आता. चालेल ना?" ज्यांनी आधी नेलेलं असतं ते एकमेकांकडे बघून हसतात. हसणाऱ्यांत मीही असते. आमचा मुलगा बावीस महिन्यांचा असताना आम्ही त्याला एका थीम पार्कला नेलं आणि त्या दिवसाचं पुरतं वाटोळं केलं. चूक सगळी आमचीच. सव्वातीन वर्षांचा असताना पुन्हा नेलं, तेव्हा दिवस चांगला गेला. मधल्या काळात जे शिकले ते इथे लिहितेय.

सगळ्यात आधी: पैसे वसूल करायचे नाहीत

हे घरातल्या सगळ्या मोठ्यांनी निघायच्या आधी कबूल करायचं. गेटवर आजी-आजोबांसकट सगळ्यांची तिकिटं काढली की हजारांचा आकडा होतो आणि त्या क्षणी प्रत्येकाच्या डोक्यात मीटर पडतो. मग "एवढे पैसे भरलेत, निदान तो डायनॉसोरवाला तरी बघूया" सुरू होतं. पोराची झोप टळते, जेवण लांबतं आणि चार वाजता ते जमिनीवर आडवं पडून रडत असतं. आमच्या पहिल्या दिवशी अगदी हेच झालं. दोन वर्षांच्या मुलासोबत दिवसभरात तीन-चार राइड झाल्या तरी भरपूर. पाचवी मिळाली तर ती बोनस समजा.

हे पटत नसेल, तर आणखी दोन वर्षं थांबा. त्यात काही कमीपणा नाही.

घरी टेप काढा

थीम पार्कात वयापेक्षा उंचीला जास्त महत्त्व. लहान मुलांचं तिकीट बऱ्याच ठिकाणी उंचीवर ठरतं आणि कोणत्या राइडवर बसायचं तेही उंचीवरच. दोन वर्षांचं मूल साधारण 86-87 सेंटिमीटर म्हणजे 34 इंचांच्या आसपास असतं, तीन वर्षांचं 95-96 सेंटिमीटर. हे सरासरीचे आकडे, तुमचं मूल वर-खाली असणारच.

मोजायची पद्धत सोपी आहे. मुलाला अनवाणी दाराच्या चौकटीला टेकवून उभं करा, टाचा भिंतीला. डोक्यावर एखादं पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरा, पेन्सिलीने खूण करा आणि मग टेपने मोजा. थेट टेप लावायला गेलात तर पोरगं टेपच ओढतं. आलेला आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. मग पार्कच्या वेबसाइटवर जाऊन आपल्या उंचीत काय काय बसतं त्याची यादी काढा. मोठ्याच्या शेजारी किंवा मांडीवर बसवून कुठे चालतं, तेही बघा. ही यादी छोटीच निघते, आणि ते चांगलंच असतं. गेटवर जाऊन "अरे, हा पण नाही, तो पण नाही" असं व्हायला नको. उंचीच्या पट्टीशी उभ्या असलेल्या माणसाशी "दोन इंचांनी काय होतंय" म्हणून वाद घालू नका. सेफ्टी बार मोठ्या अंगाच्या मापाने बसवलेला असतो, लहान मूल त्याखालून सटकू शकतं.

कुठे जायचं

आमच्या पिढीच्या मुंबईकरांना थीम पार्क म्हटलं की गोराईच आठवते. 1989 साली सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड, बोटीतून खाडी ओलांडून जाणं, आणि परतताना शाळेच्या बसमध्ये सगळी वर्गमंडळी झोपलेली. ते एस्सेलवर्ल्ड काही वर्षांपूर्वी बंद झालं. घाटकोपरच्या मॉलमधलं किडझानिया चार वर्षांच्या पुढच्यांना जास्त जमतं, कारण तिथे मुलांनी पायलट, डॉक्टर, फायरमन व्हायचं असतं. दोन वर्षांच्या मुलाला त्यातलं फारसं कळत नाही. मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं मोठं थीम पार्क म्हणजे खोपोलीजवळचं इमॅजिका. 2013 साली सुरू झालेलं. पुढचं बरंचसं त्याच सहलीला धरून लिहिलंय, पण कुठल्याही पार्कला लागू पडेल.

त्याआधी एक रंगीत तालीम करा. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. बुधवारी बंद असते, हे विसरून गेलेले लोक मी गेटवर बघितलेत. तिकीट खिशाला परवडणारं, भायखळा स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि 2017 पासून पेंग्विनही आहेत. पण तालीम पेंग्विनची नाही, तुमची आहे. मूल गर्दीत किती वेळ चालतं? बाबागाडीत बसतं की तुम्हालाच ती रिकामी ढकलावी लागते? अंधाऱ्या, थंड पेंग्विनच्या खोलीत घाबरतं का? बाहेरच्या आवाजात झोपतं का? ही चार उत्तरं मिळाली की खोपोलीचा अर्धा अभ्यास झाला. आमचा पेंग्विनच्या खोलीतून बाहेर पडायला रडत होता, म्हणजे अंधाराचं भय नाही असं आम्ही गृहीत धरलं. ते चुकलं, पण त्याबद्दल पुढे.

दिवस निवडताना

डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. मार्चपासून खोपोलीच्या पट्ट्यात दुपारचं ऊन सहन होत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस असा कोसळतो की उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात. दिवाळीची आणि नाताळची सुट्टी, सगळे शनिवार-रविवार टाळा.

आता यातली मेख. "आम्ही मंगळवारी गेलो, तरी गर्दी होती" असं सांगणारे लोक डिसेंबर-जानेवारीत गेलेले असतात. तेव्हा शाळांच्या सहलींचा मोसम असतो आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी एकामागून एक बस येऊन उभ्या राहतात. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम. बारावी-दहावीच्या परीक्षा चालू किंवा तोंडावर, बाकीच्यांना वार्षिकचं टेन्शन. मोठी पोरं अभ्यासाला बसलेली असताना आपली छोटी गँग न्यायची.

तिकीट ऑनलाइन काढा. मात्र तारीख बदलून मिळते का ते आधी वाचा, कारण या वयात आदल्या रात्री ताप येण्याची शक्यता कायम असते. नाकातून पाणी गळत असलं तरी जाऊ नका.

झोपेवरून उलटं गणित

माझ्या मते सगळी सहल या एका गोष्टीवर उभी असते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते, दुपारची धरून. दुपारी मूल एकला झोपत असेल तर तुमच्या दिवसाचे दोन तुकडे झाले, एक झोपेआधीचा आणि एक नंतरचा. मधल्या वेळेत मोठ्यांनी आळीपाळीने काय करायचं ते करा.

आम्ही मुलुंडचे. ऐरोली पुलावरून ठाणे-बेलापूर रोडने कळंबोली, तिथून एक्सप्रेसवे, आणि खालापूरला बाहेर पडून खोपोली-पाली रस्ता. सातला निघालो तर वाटेत एकदा थांबूनही पार्क उघडायच्या आधी पोहोचतो. दक्षिण मुंबईकरांना शिवडीहून अटल सेतू बरा पडतो. एक दिलासा म्हणजे खालापूर बोरघाटाच्या अलीकडे आहे, त्यामुळे गाडी लागणाऱ्या पोरांना वळणं लागत नाहीत. तरी गाडीत दूध पाजून लगेच निघू नका. अर्ध्या तासाने सीटकव्हर धुवायला लागतं.

मूल पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसायची आपली जुनी सवय इथे सोडा. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर कायद्याने 1000 रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, एक्सप्रेसवेवरचा करकचून ब्रेक मांडीवरच्या मुलाला सांभाळू देत नाही. चाइल्ड सीटची सवय आठवडाभर आधी शाळा-बाजाराच्या फेऱ्यांत लावा. पहिल्यांदाच दोन तास बांधून ठेवलंत तर कानठळ्या बसतील.

लोकलनेही जाता येतं. पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही. पण सीएसएमटीहून खोपोलीच्या गाड्या मोजक्या. बऱ्याचदा कर्जतला उतरून खोपोलीची गाडी धरावी लागते आणि पुढे रिक्षा. परतीच्या रिक्षाचं आधीच बोलून ठेवायला हवं. दोन वर्षांच्या मुलासोबत मी तरी हे करणार नाही.

बॅग

दोन बॅगा. एक मोठी गाडीत किंवा लॉकरमध्ये, एक पाठीवर. पाठीवरच्यात एवढंच: चार डायपर, ओले टिश्यू, एक पूर्ण कपड्यांचा जोड (चड्डी-मोज्यांसकट), पातळ सुती पंचा, टोपी, पाण्याची बाटली, खाऊचा डबा, ओआरएसची दोन पाकिटं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध मापासकट. पंचा हे मुंबईच्या आयांचं अस्त्र आहे. सावली करायला, पुसायला, अंगावर घालायला, बाकावर अंथरायला, दूध पाजताना आडोशाला, सगळ्याला चालतो.

ओआरएसबद्दल एक सांगते, कारण आमच्या घरातच याची गफलत झाली होती. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच पूर्ण विरघळवायचं. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने टाकायचं नाही, प्रमाण चुकतं. फिरायला जाताना 200 मिलिलिटरची छोटी पाकिटं बरी. दुकानात मिळणारे गोड चवीचे ज्यूसचे टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे.

खाण्याचं म्हणाल तर पार्क सहसा बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण लहान बाळाच्या खाण्याला बहुतेक ठिकाणी सूट असते. बुकिंगच्या वेळी फोन करून विचारा आणि डबा वेगळा, समोर दिसेल असा ठेवा. आमच्या डब्यात मूगडाळीची मऊ खिचडी, वरून साजूक तूप, आणि दुसऱ्या कप्प्यात कुरमुरे नि राजगिऱ्याचा लाडू. उन्हात दुधाचं काही नेऊ नका, दहीभातसुद्धा नाही. कुरमुरे रांगेत उभं राहताना सोन्यासारखे: एकेक उचलून खायला दहा मिनिटं जातात. द्राक्षं आणि शेंगदाणे मात्र नकोत, या वयात घशात अडकतात. द्राक्षं न्यायचीच असतील तर उभी चिरून न्या.

बाबागाडी हवीच, हलकी आणि घडी होणारी. मूल चालतं म्हणून ती घरी ठेवू नका. अकरा-बारा किलोचं मूल तीन वाजता खांद्यावर झोपलं की त्याचं वजन किती वाटतं, हे आजोबांना विचारा.

आत गेल्यावर

पहिला अर्धा तास कुठलीही राइड नाही. बाबागाडीतून उतरवा, चालू द्या, बघू द्या. मुलाला रंग, गाणी, माणसं यांचा अंदाज येऊ द्या. आमच्या दुसऱ्या खेपेला मुलगा आत शिरल्या शिरल्या गटाराच्या जाळीपाशी बसला आणि छोटे खडे एकेक करून आत टाकायला लागला. टप्प आवाज आला की माझ्याकडे बघून हसायचा. वीस मिनिटं हेच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे आपल्या गेटपाशी पण आहे की." खरंच होतं. पण तो खुश होता, आणि आम्ही ठरवलेलं पाळलं, कुणी हात धरून ओढलं नाही.

मग सुरुवात सर्वांत हळू चालणाऱ्या राइडने. इमॅजिकात घोड्यांचा मॅजिक कॅरोसेल किंवा टबी टेक्स ऑफ, ज्यात छोटे उडते हत्ती गोल फिरतात, ही या वयाला जमणारी. बसण्याआधी बाहेर उभं राहून एक पूर्ण फेरी बघा. मूल बोट दाखवून "हत्ती, हत्ती" करायला लागलं तर बसवा. मागे सरून तुमच्या पायाला चिकटलं तर नाही. एवढी साधी परीक्षा आहे आणि जवळजवळ कधी चुकत नाही. कप-बशांसारखी गरगर फिरणारी राइड खाण्याआधी, खाण्यानंतर नव्हे.

अंधाराच्या राइड आणि फोर-डी शो हा वेगळा प्रांत. आमची पहिली खेप तिथेच बिघडली. पोस्टरवर गोंडस कार्टून होतं, त्यामुळे आम्ही सरळ आत गेलो. आत काळोख, कानाशी मोठा आवाज, मग खुर्ची हलली आणि तोंडावर पाण्याचा फवारा. मुलगा असा किंचाळला की पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. आणि शो मध्येच सोडून बाहेर पडायला आम्हाला अंधारात दरवाजा सापडेना. त्यानंतर महिनाभर तो आमच्या बाथरूमच्या शॉवरलाही घाबरत होता. म्हणून नियम: अंधारात शिरायचं असेल तर आधी एका मोठ्याने एकट्याने जाऊन यायचं. दाराशी उभ्या कर्मचाऱ्याला विचारायचं, "पाणी उडतं का? खुर्ची हलते का? मध्ये बाहेर पडता येतं का?" आणि बसायचं कडेच्या खुर्चीवर, दाराजवळ.

राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर, सलीमगढ आणि असल्या भुता-डायनॉसोरांच्या जागा मोठ्यांनी मूल झोपल्यावर आळीपाळीने कराव्यात. राजासॉरस हे नाव नुसतं काल्पनिक नाही बरं का. त्याची हाडं गुजरातेत सापडली आणि 2003 साली त्या डायनॉसोरला हे नाव देण्यात आलं. नवऱ्याने ही माहिती रांगेतल्या शाळेच्या पोरांना सांगितली आणि त्यांनी त्याला चार प्रश्न विचारून गप्प केलं.

साडेबाराला जेवण. गर्दी एकनंतर होते, तोवर आपलं आटपलेलं असतं. मग एखादं झाड, भिंतीची सावली किंवा आतला थंड कोपरा शोधा, पंचा बाबागाडीवर सैल टाका (चारी बाजूंनी बंद करू नका, आत वाफ कोंडते) आणि झोपवा. झोपलेल्या मुलापाशी एक मोठा कायम. बाकीचे मोकळे.

उन्हात दर अर्ध्या तासाला दोन घोट पाणी, मुलाने मागितलं नाही तरी. चार-पाच तास डायपर कोरडा असेल, ओठ सुकले असतील, रडताना डोळ्यात पाणी येत नसेल तर सगळं बाजूला ठेवून सावलीत न्या आणि ओआरएस पाजायला लागा. सुस्त पडलं किंवा पीत नसेल तर थेट प्रथमोपचार केंद्र गाठा. ते नकाशात कुठे आहे ते आत शिरतानाच बघून ठेवायचं.

हरवलं तर

गर्दीत मूल हातातून सुटायला तीन सेकंद पुरतात. सकाळी निघताना गेटपाशी मुलाचा फोटो काढा, आजच्याच कपड्यांतला, बुटांसकट. घाबरलेल्या आईला शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही. मुलाच्या शर्टाच्या आतल्या बाजूला, बाहेर दिसणार नाही अशा जागी, बॉलपेनने दोन फोन नंबर लिहा. नाव बाहेर लिहू नका, नावाने हाक मारली की मूल कुणाच्याही मागे जातं. आणि "कोण बघतंय" हे मोठ्याने बोलून ठरवा. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आमच्याकडे आता शब्द ठरलाय, "ताबा माझा." ज्याने म्हटलं त्याचा ताबा, फोनकडे बघायचं नाही. मूल दिसेनासं झालं तर एकजण तिथेच थांबतो, बाकीचे कर्मचाऱ्यांना कळवतात, मग शोध. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, सगळ्या आणीबाणीला 112, रुग्णवाहिकेला 108. तिन्ही फोनमध्ये असू द्या.

वॉटर पार्कचं काय

त्याच दिवशी नको. कॉम्बो तिकीट स्वस्त दिसतं, पण भिजलेलं, दमलेलं दोन वर्षांचं मूल घेऊन दुसऱ्या गेटमध्ये शिरणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवणं. वेगळ्या दिवशी जाल तेव्हा पोहण्याचे डायपर घ्या, साधे पाण्यात फुगून खाली लोंबतात. आणि पाणी घोट्याएवढं असलं तरी मूल हाताच्या अंतरावरच हवं.

निघायची वेळ

मूल झोपून उठल्यावर खाऊ, एक-दोन राइड, आणि चार-साडेचारला बाहेर. संध्याकाळची परेड वगैरे बघायचा मोह होईल. तोवर उजेड जातो, मूल किरकिर करतं, आणि एक्सप्रेसवेवर ट्रक वाढतात. मुलाला "चल, निघूया" असं एकदम सांगू नका. दहा मिनिटं आधी सांगा, "अजून एक हत्ती, मग गाडी." एक म्हणजे एकच. दुकान बाहेर पडायच्या वाटेवर असतं, तिथे एकच छोटी गोष्ट घ्यायची हे आधीच ठरवा. आमच्याकडे ती फुगा ठरली होती. फुगा तिथून कळंबोलीपर्यंत टिकला.

गाडीत बसवण्याआधी पार्किंगमध्येच डायपर बदला, पाय पुसा, रात्रीचे सैल कपडे घाला. मुलुंडला पोहोचेपर्यंत झोपलंच तर तसंच उचलून अंथरुणावर टाकता येतं. आणि ओल्या कपड्यांची पिशवी त्याच रात्री गाडीतून वर आणा. मी एकदा विसरले होते. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने डिकी उघडली आणि शेजारच्या काकांनी लांबूनच विचारलं, "काय हो, मासळी विसरलात का आत?"